शेतघरातले म्हातारपण

घरगुती वृद्धनिवासाची जाहिरात कुठल्याही देशातली असो, चित्र बहुधा एकच असते. जुने शेतघर, उतरते छप्पर, ओसरीवर दोन-चार खुर्च्या, अंगणात कोंबड्या आणि घर चालवणारे एक कुटुंब: नवरा, बायको, कधी त्यांची हाताशी आलेली मुलगी. या चित्रामागे एक समजूत असते. पूर्वी म्हातारी माणसे घरातच असत आणि मायेने सांभाळली जात. मग संस्था आल्या, माया आटली. आणि आता कुणीतरी शेतघराची दारे उघडून ती जुनी माया परत आणतो आहे.

इतिहासाची साक्ष वेगळी आहे. युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांत म्हाताऱ्यांना सांभाळण्याची रीत निदान सातशे वर्षांची आहे, आणि तिच्या मुळाशी मायेइतकाच, किंबहुना अधिक, रोखठोक व्यवहार आहे. हिशेब, माणसांची मर्यादा आणि बाहेरच्याची देखरेख या तीन गोष्टी जिथे नीट बांधल्या गेल्या तिथे शेतघर घर राहिले. त्या सुटल्या तेव्हा त्याच घराचा कोंडवाडा झाला. आणि त्या आंधळेपणाने आवळल्या गेल्या तेव्हा घराला कुलूप लागले. महाराष्ट्रात शहरांच्या कडेला फार्महाऊसवरचे वृद्धनिवास वाढत असताना हा इतिहास नजरेखालून घालणे उपयोगाचे ठरेल.

सुरुवात करावी लागते ती इंग्लंडमधल्या तेराव्या-चौदाव्या शतकातल्या जमीनदारी दरबारांच्या दप्तरांपासून. थकलेले कूळ जमीन पुढच्याच्या नावे करते आणि त्या बदल्यात मरेपर्यंत आपल्याला काय मिळणार ते दरबारात नोंदवून घेते: घरातली एक खोली, वर्षाला अमुक मापे धान्य, अंगावर कपडे, चुलीला सरपण. जमीन घेणारा दरवेळी पोटचा मुलगा असेच असे नाही. चौदाव्या शतकाच्या मध्यावर प्लेगने घरेच्या घरे रिकामी केल्यावर परक्याशी केलेले असे करार बरेच आढळतात. लिहून दिलेले पाळले नाही, तर म्हाताऱ्याला दरबारात दाद मागता येई आणि जमीन परतही मिळू शके. म्हणजे शेतघरात राहून सांभाळ करणारे ‘कुटुंब’ रक्ताचे असायलाच हवे, ही अट तेव्हाही नव्हती.

जर्मन भाषक मुलुखात ही रीत अधिक पक्की झाली. तिकडे तिला ‘आल्टेनटाइल’ म्हणतात, ऑस्ट्रियात ‘आउसगेडिंगे’. स्वित्झर्लंडच्या बेर्न परगण्यात तर मोठ्या शेतघराशेजारी म्हाताऱ्यांसाठी वेगळे छोटे घर बांधत. एमेंटाल खोऱ्यात अशी घरे आजही उभी आहेत. शेत मुलाच्या हाती गेले की म्हातारा-म्हातारी मोठ्या घरातून या छोट्या घरात जात.

या करारांतली कलमे वाचताना आधी हसू येते, मग येत नाही. राईचे आणि गव्हाचे माप दिलेले असते. दूध किती, अंडी किती, लोणी किती, हे असते. शेगडीजवळची बसायची जागा म्हाताऱ्याची, हे लिहिलेले असते. बागेतल्या कोणत्या झाडाची फळे त्यांची, हेही. सरपण नुसते देऊन भागत नाही. फोडून, दारात आणून रचायचे. विहिरीकडे आणि भट्टीकडे जाण्यायेण्याची वाट त्यांना मोकळी ठेवायची. रविवारी चर्चला जाताना गाडीत जागा द्यायची. आजारपणात शुश्रूषा करायची आणि शेवटी रीतसर दफन. काही करारांत एकत्र राहणे जमले नाही तर काय, याचीही तजवीज असते: म्हातारे बाहेर पडले तर धान्याऐवजी रोकड किती द्यायची ते आधीच ठरलेले.

एवढे बारीकसारीक कोण लिहून घेतो? ज्याला पुढच्याचा भरवसा नाही तो. बव्हेरियातल्या शेतकऱ्यांत म्हणच आहे की एकदा सोपवून टाकले की जगणे संपले. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या एका कथेत थरथरत्या हाताच्या आजोबांना कोपऱ्यात बसवून लाकडी भांड्यात वाढतात, आणि नातू आपल्या आईबापांसाठी आत्तापासूनच तसले भांडे करायला घेतो. ही कथा आपल्याकडेही निरनिराळ्या रूपांत सांगितली जाते. कथेतल्या आईबापांचे डोळे उघडतात. ज्यांना तेवढी वाट पाहायची नव्हती त्यांनी शेगडीजवळची जागा करारात घातली.

विसाव्या शतकात या खासगी व्यवहारात सरकार उतरले. पश्चिम जर्मनीने १९५७ साली शेतकऱ्यांसाठी वार्धक्य-साहाय्याचा कायदा केला आणि त्यात एक अट घातली: पेन्शन हवे असेल तर शेत पुढच्याच्या हवाली करावे लागेल. जमीन तरुण हातात जावी, हा हेतू होता. अट साठ वर्षे टिकली. २०१८ साली जर्मनीच्या घटना न्यायालयाने ती तत्कालीन स्वरूपात मालमत्तेच्या हक्काशी विसंगत ठरवली आणि मग ती गेलीच. म्हाताऱ्याने कधी आणि कशाच्या बदल्यात हात सोडायचा, हा चौदाव्या शतकातला प्रश्न एकविसाव्या शतकातही न्यायालयात उभा होता.

हे सगळे ज्याच्यापाशी सोपवायला काही आहे त्याचे झाले. शेतमजुराचे काय, निपुत्रिक विधवेचे काय, आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी राबलेल्या मोलकरणीचे काय?

अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या गावांनी याला एक उत्तर शोधले होते: लिलाव. गावावर भार असलेले निराधार गावसभेत उभे केले जात आणि जो सर्वांत कमी पैशांत त्यांना वर्षभर सांभाळायला तयार होई त्याच्या घरी ते जात. बोली चढायच्या ऐवजी उतरत जाई. घेणारे बहुधा शेतकरी कुटुंबच असे. अंगात बळ असलेल्याकडून काम करून घेता येई आणि नसलेल्याच्या ताटातले कमी करता येई. कुटुंबाने चालवलेला, शेतघरातला, घरगुती सांभाळ म्हणतात तो हाच; सगळी विशेषणे याला लागू पडतात. कमी होती ती फक्त म्हाताऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या कलमांची.

न्यूयॉर्क राज्याचे सचिव जॉन येट्स यांनी १८२४ साली या प्रकारावर अहवाल दिला. लिलावात आणि ठेक्यात दिलेल्या गरिबांचे हाल होतात, तेव्हा प्रत्येक काउंटीने शेतीसह एक गरीबघर उभारावे, अशी त्यांची शिफारस होती. त्याच वर्षी तसा कायदा झाला आणि पुढच्या काही दशकांत ही कल्पना देशभर पसरली. ‘पुअर फार्म’ हे नाव अमेरिकेच्या गावोगावी लागले. जमीन काउंटीची, घर बहुधा शेतघर किंवा त्याला काढलेली वाढीव बाजू, आणि कारभार एका जोडप्याकडे. नवरा अधीक्षक, बायको ‘मेट्रन’. नेमताना त्याला शेती किती येते हे पाहत. बायकोचा पगार अनेक ठिकाणी नवऱ्याच्याच पगारात धरलेला असे. स्वयंपाक, धुणी, आजाऱ्यांची उस्तवार मात्र सगळी तिच्याकडे.

मिशिगन राज्यातल्या हिल्सडेल इथे असे एक घर अजून आहे. गोट्यांच्या दगडी भिंतींचे हे शेतघर १८५० च्या दशकात बांधलेले. थोड्याच दिवसांत काउंटीने ते घेतले आणि १८६७ पर्यंत तिथे गरीबघर चालवले. विल कार्लटन या कवीने पुढे १८७१ साली गरीबघराची वाट चढणाऱ्या एका म्हातारीवर कविता लिहिली. मुलांनी एकामागून एक नाकारलेल्या आईची ती कैफियत अमेरिकाभर गाजली. ती या घरावरून सुचली, असे हिल्सडेलची मंडळी मानतात. घर आता स्थानिक इतिहास मंडळाचे संग्रहालय आहे. त्या कवितेनंतर डोंगरापलीकडचे गरीबघर ही अमेरिकन म्हातारपणातली कायमची धास्ती होऊन बसली.

ती धास्ती निराधार नव्हती. पण गरीबघर म्हणजे नुसता छळवाद होता असेही नाही. १९२५ साली अमेरिकेच्या कामगार खात्याने देशभरच्या गरीबघरांची पाहणी प्रसिद्ध केली. संस्था सुमारे २,२०० आणि राहणारे सुमारे ८६ हजार. म्हणजे सरासरी घरामागे चाळिसाच्या आत माणसे. पुष्कळ घरांत त्याहूनही खूप कमी. निम्म्याहून अधिक रहिवासी म्हातारे होते. ज्याला जमेल तो गाईंच्या धारा काढी, भाजीचा वाफा पाही, बाया उन्हाळ्यात फळे-भाज्या बाटल्यांत भरून ठेवत. पाहणीचा निष्कर्ष कडक होता: लहान घरे खर्चिक आहेत, गैरसोयीची आहेत, आजारी माणसांची काळजी घेण्याची ऐपत त्यांच्यात नाही. तो खरा होता. पण त्या अहवालापासून एक विचार रुजला की दोष लहानपणात आहे. त्याच घरांत दुसरे काय चुकत होते याकडे मग कमी लक्ष गेले: तिथे येणाऱ्याला ‘आपण अमुक देतो, तर आपल्याला तमुक मिळायला हवे’ असे म्हणायला काही आधारच नव्हता. तो दान घेणारा होता.

हा आधार दिला १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने. गरीब म्हाताऱ्यांना महिन्याला रोख मदत मिळू लागली. केंद्र सरकार माणशी १५ डॉलरपर्यंत निम्मा वाटा उचलणार होते. कायदा करणाऱ्यांना गरीबघरे बंद पाडायची होती, म्हणून त्यात एक छोटे वाक्य घातले गेले: सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्याला ही मदत मिळणार नाही. हिशेब असा की हातात पैसे आले की म्हातारी माणसे आपापल्या घरी जातील.

पुष्कळांना घरच नव्हते. ती खासगी घरांत गेली. एखादी विधवा, एखादी निवृत्त परिचारिका, एखादे शेतकरी जोडपे आपल्या रिकाम्या खोल्यांत चार-पाच म्हाताऱ्यांना ठेवू लागले. सरकारी मदतीचा धनादेश हेच भाडे. योगायोग असा की अमेरिकेत शेतांची संख्या त्याच वर्षी, १९३५ साली, ६८ लाखांच्या शिखरावर होती आणि तिथून ती घसरत गेली; १९७४ पर्यंत २३ लाखांवर आली. शेजारच्याने शेत विकत घेतले की घर उरे: पाच-सहा खोल्यांचे, मोठ्या स्वयंपाकघराचे, कुणाच्याच कामाचे नसलेले. आज ज्याला आपण ‘जुन्या शेतघरातले कौटुंबिक वृद्धनिवास’ म्हणतो त्याचा अमेरिकन अवतार या दोन गोष्टींच्या संगमातून जन्मला. एका बाजूला खिशात थोडे पैसे असलेला पण घर नसलेला म्हातारा, दुसऱ्या बाजूला घर असलेले पण शेत गेलेले कुटुंब.

१९५४ सालच्या पहिल्या राष्ट्रीय पाहणीत शुश्रूषा देणारी अशी घरे नऊ हजारांच्या घरात भरली. बहुतेक खासगी. मधल्या काळात, १९५० साली, कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यांनी या घरांना परवाने द्यावेत असे ठरले होते. पण परवाना म्हणजे काय हे राज्यागणिक वेगळे होते. कुठे चांगले चाललेले घर, कुठे दहा खाटांच्या जागेत पंचवीस. तपासायला येणारा कधी येईल, येईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नसे.

मग आगी लागल्या. १९५७ च्या फेब्रुवारीत मिसुरीमधल्या वॉरेंटनच्या वृद्धनिवासात ७२ माणसे गेली. १९६३ च्या नोव्हेंबरात, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे, ओहायोतल्या फिचव्हिलमध्ये ६३. यांतले एकही घर शेतघर नव्हते. एक जुन्या महाविद्यालयाच्या इमारतीत होते आणि दुसरे कारखान्याच्या. दोन्ही मोठी होती. तरी सगळ्या देशाच्या डोळ्यांपुढे जुन्या इमारतीत कोंडलेली म्हातारी माणसे आली, आणि ते साहजिक होते.

१९६५ च्या ३० जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. वृद्धांच्या शुश्रूषेला आता सरकारी पैशाचा मोठा पाट फुटला. पण तो पाट जाई तो रुग्णालयाच्या साच्यात बसणाऱ्या संस्थांकडे. १९६७ च्या दुरुस्त्यांनी आगीपासूनच्या सुरक्षेची संहिता लागू केली: रुंद मार्गिका, अग्निरोधक दारे, फवारे. चाळीस खाटांची नवी इमारत बांधणाऱ्याला हा खर्च वाटून घेता येतो. लाकडी जिन्याच्या शेतघरात पाच म्हाताऱ्यांना ठेवणाऱ्या बाईला येत नाही. याच काळात वृद्धनिवास चालवणाऱ्या कंपन्यांचे शेअर वॉल स्ट्रीटवर वधारत होते. पुढच्या दहा वर्षांत लहान घरे झपाट्याने बंद पडली. अनेक खरोखरच बंद पडायच्या लायकीची होती. पण चांगले घर आणि वाईट घर यांत फरक करण्याची तसदी संहितेने घेतली नाही. तिला फक्त मार्गिकेची रुंदी मोजता येत होती.

इथे ‘सरकारी नियमांनी घरपणाचा गळा घोटला’ असा शेवट करून मोकळे होण्याचा मोह होतो. ऑरेगन राज्याचा अनुभव मात्र तो करू देत नाही. तिथे नियमांनीच घर परत आणले.

ऑरेगनने १९८१ साली मेडिकेडचे पैसे शुश्रूषागृहाबाहेरच्या सांभाळासाठी वापरण्याची खास परवानगी मिळवली. अशी परवानगी मिळवणारे ते पहिले राज्य. त्या पैशांतून घरगुती निवासांची एक स्वतंत्र वर्गवारी उभी राहिली. अट सोपी: एका घरात बाहेरची जास्तीत जास्त पाच माणसे. सांभाळणारा तिथेच राहणारा. त्याला प्रशिक्षण हवे, परवाना हवा, आणि तपासणीला न सांगता येणाऱ्या माणसाला दार उघडायला हवे. आगीचा प्रश्न सोडवताना त्यांनी इमारतीऐवजी वेळ मोजली. मार्गिका किती रुंद आहे यापेक्षा घरातली सगळी माणसे तीन मिनिटांत बाहेर सुरक्षित जागी येतात की नाही, हे पाहायचे. त्यासाठी सराव करायचा, रात्रीचासुद्धा. ज्याला तीन मिनिटांत बाहेर काढता येणार नाही अशा माणसाला ठेवून घ्यायचे नाही, किंवा मग हाताखाली आणखी माणूस ठेवायचा. लाकडी शेतघर या कसोटीला उतरू शकते. त्यातले कुटुंब मात्र सतत जागे असावे लागते.

मिनेसोटा विद्यापीठातल्या रोझाली केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ऑरेगनमधल्या या घरांची शुश्रूषागृहांशी तुलना प्रसिद्ध केली. लहान घरे निवडणाऱ्यांना घरासारखे वातावरण, खासगीपणा आणि दिवसाचा सैल क्रम हवा होता. शुश्रूषागृह निवडणाऱ्यांना उपचार आणि आखलेले कार्यक्रम. दोन्ही मागण्या रास्त आहेत. नितंबाचे हाड मोडून आलेल्या माणसाला अंगणातल्या कोंबड्यांपेक्षा भौतिकोपचार अधिक लागतो, आणि सहा आठवड्यांनी कदाचित उलटे.

नेदरलँड्सने हाच धागा शेतीच्या बाजूने पकडला. तिथे १९९८ साली ‘सांभाळ-शेते’ पाऊणशेच्या आसपास होती. दहा-अकरा वर्षांत ती हजाराच्या पुढे गेली. कारण भावनिक नव्हते. दुधाच्या धंद्यात नफा घटत होता, आणि सांभाळाच्या सरकारी विम्यातून शेतकऱ्याला थेट किंवा रहिवाशाच्या वैयक्तिक निधीतून पैसे मिळण्याची सोय झाली होती. अनेक ठिकाणी सुरुवात शेतकऱ्याच्या बायकोने केली, कारण लग्नाआधी तिने रुग्णसेवेचे शिक्षण घेतलेले असे. बहुतेक शेतांवर माणसे दिवसापुरती येतात. काहींनी स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी चोवीस तासांची निवासी घरे काढली. मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या संशोधकांना या निवासी शेतांवरचे रहिवासी नेहमीच्या शुश्रूषागृहांतल्यांपेक्षा अधिक हालचाल करताना, अधिक वेळा उघड्यावर जाताना आणि इतरांशी अधिक बोलताना आढळले. जर्मनीतही वेस्टरवाल्डच्या डोंगराळ भागात मारीनराखडॉर्फ या गावी एका शेतकरी कुटुंबाने आपले शेतघर म्हाताऱ्यांच्या एकत्र निवासात बदलले आणि त्याचा बराच बोलबाला झाला.

यामागची यंत्रणा समजून घ्यायला फार विद्वत्ता लागत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ‘आता चारचा कार्यक्रम आहे, चला’ म्हणून उठवावे लागते आणि तो उठत नाही. शेतावर बटाटे सोलायचेच असतात, कारण संध्याकाळी ते शिजायचे असतात. कोंबड्यांची खुराडी बंद करायचीच असतात, कारण कोल्हा येतो. आज कुठला वार हे न आठवणाऱ्या हातांना सुरी कशी धरायची हे आठवते. काम खरे आहे आणि ते झाले नाही तर अडणार आहे, एवढे त्या माणसाला कळते. हे वातावरण कार्यक्रम-पत्रिकेत आणता येत नाही. मात्र खऱ्या कामाची हीच गोष्ट लिलावात घेतलेल्या निराधाराच्या बाबतीत पिळवणूक होती, हे विसरून चालणार नाही. बटाटे तेच. फरक एवढाच की डच रहिवाशाला सुरी खाली ठेवून खिडकीशी जाऊन बसता येते, आणि त्यामुळे त्याच्या ताटात काही कमी होत नाही, कारण त्याचे पैसे त्याच्या नावाने येतात.

आता ज्या बाजूबद्दल जाहिराती आणि संशोधन दोन्ही कमी बोलतात तिकडे वळावे: घर चालवणारे कुटुंब. पाच जणांच्या घराला तीन पाळ्या परवडत नाहीत. रात्री दोनला घंटा वाजली की उठणारी तीच, सकाळी सहाला चहा करणारी तीच. गरीबघरातल्या मेट्रनचा पगार जसा नवऱ्याच्या पगारात जिरे, तसे इथे घरातल्या बाईचे श्रम ‘घरगुती वातावरण’ या शब्दांत जिरतात. कौटुंबिक निवासाचा दर कमी दिसतो त्याचे एक मोठे कारण हे की त्यातल्या निम्म्या तासांचे बिल कुणी लावत नाही. फ्रान्सने १९८९ साली म्हाताऱ्यांना आपल्या घरी ठेवणाऱ्या कुटुंबांसाठी कायदा केला तेव्हा दोन माणसांची मर्यादा घातली, लेखी करार सक्तीचा केला, आणि सांभाळणाऱ्याच्या मोबदल्याचा विषय त्याच करारात आणला. मायेने करणाऱ्यालाही सुट्टी लागते, हे कायद्यात लिहावे लागले.

आणि शेवटी वारसाचा प्रश्न येतोच. घर उभे करणारे जोडपे साठीला टेकते. मुलाने शहरात नोकरी धरलेली असते. आईचे पंचवीस वर्षांचे जागरण त्याने जवळून पाहिलेले असते. मग घर एखाद्या कंपनीला विकले जाते किंवा बंद होते, आणि रहिवाशांना ऐंशीच्या वयात दुसरे बिऱ्हाड शोधावे लागते. शेत सोपवताना जो पेच पडे तोच आता वृद्धनिवास सोपवताना पडतो. जुन्या करारांनी म्हाताऱ्यांची सोय लावून मग जमीन हलवली. आजच्या बहुतेक कौटुंबिक निवासांत मालक बदलला तर रहिवाशाचे काय, याचे एक ओळीचेही कलम नसते.

भारतीय कायद्यात या इतिहासाचे दोन तुकडे आहेत आणि ते एकमेकांना भेटलेले नाहीत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्याचे कलम २३ म्हणजे मध्ययुगीन दरबाराच्या त्या दप्तराचेच आधुनिक रूप. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या डिसेंबरात सांगितले की अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे. नुसते बक्षीसपत्र पुरेसे नाही. २०२५ च्या जानेवारीत, मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात, मुलाने लिहून दिलेल्या वचनपत्राला न्यायालयाने महत्त्व दिले, कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने लावला आणि मालमत्ता तिला परत दिली. आपल्याकडे मुलांत जमीन वाटली जाते तेव्हा सातबाऱ्यावरची नावे एका दिवसात ठरतात आणि आईवडिलांची मात्र महिन्याची पाळी लागते: हा महिना थोरल्याकडे, पुढचा धाकट्याकडे. ती पाळी कुठल्याही कागदावर नसते. वाटणीपत्रात किंवा बक्षीसपत्रात खोली, औषध, दवाखान्याची ने-आण यांचा उल्लेख घालणे अनेक घरांत अजूनही अपमानाचे मानले जाते. बव्हेरियातल्या शेतकऱ्याने तो अपमान मानला नाही.

दुसरा तुकडा कलम १९. राज्यांनी प्रत्येक जिल्ह्यात गरीब ज्येष्ठांसाठी निदान एक वृद्धाश्रम काढावा, असे ते म्हणते, आणि क्षमता सांगते: किमान दीडशे. ऑरेगनमध्ये आकडा आहे जास्तीत जास्त पाच; इथे कमीत कमी दीडशे. दीडशेंच्या जागेची गरज नाही असे कुणी म्हणणार नाही. निराधारांची संख्या पाहता ती लागणारच. पण लहान घरांबद्दल केंद्रीय कायद्याला काही म्हणायचेच नाही. ज्येष्ठांच्या निवासांची नोंदणी आणि किमान मानके आणू पाहणारे दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच त्या लोकसभेची मुदत संपली.

त्यामुळे आज एखाद्या कुटुंबाने आपल्या शेतातल्या जुन्या घरात सहा ज्येष्ठांना ठेवायचे म्हटले, तर ते चांगले करते आहे की वाईट, हे पाहण्याची या कायद्यात सोय नाही, आणि चांगले करत असेल तर त्याला वेगळा हात देण्याचीही. अनामत किती घ्यावी, माणूस गेला तर ती किती दिवसांत परत द्यावी, रात्री एकटी बाई घरात असताना आठ अंथरुणाला खिळलेली माणसे ठेवावीत का, हे सगळे मालकाच्या मर्जीवर. आणि जेव्हा केव्हा नवा कायदा येईल तेव्हा तो बहुधा दीडशे खाटांच्या इमारतीकडे पाहून लिहिला जाईल: लिफ्ट, मार्गिका, पूर्णवेळ परिचारिका, अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र. अमेरिकेने १९६७ नंतर हेच केले.

त्याआधी लहान निवासांची वेगळी वर्गवारी करता येईल. त्यात माणसांची वरची मर्यादा असावी, बाहेर पडायला लागणाऱ्या वेळेवर आधारलेली अग्निसुरक्षेची कसोटी असावी, न कळवता होणारी तपासणी असावी. सांभाळणाऱ्यांच्या सुट्टीत बदली माणूस पाठवण्याची जबाबदारी जिल्ह्याने घ्यावी. आणि प्रत्येक रहिवाशाबरोबर नोंदणी केलेला करार असावा, ज्यात घर विकले गेले किंवा चालवणारे थकले तर त्याची व्यवस्था कुठे आणि कुणाच्या खर्चाने होईल हे लिहिलेले असेल. याला नवी इमारत लागत नाही. दुय्यम निबंधकाचे कार्यालय प्रत्येक तालुक्यात आहे, न्यायाधिकरण प्रांताच्या कचेरीत आहे, आणि शेतघरे रिकामी होण्याचा वेग आपल्याकडेही कमी नाही.